ट्रंकेच्या झाकणावरचे बारा शब्द

मला राग लवकर येतो, हे सगळ्या पलूसला माहीत आहे. मी माहेरची माणदेशातली. आमच्याकडं पाऊस कमी आणि तोंड जास्त, असं माझे सासरे चारचौघांत म्हणायचे, आणि मी ते कधी मुकाट्यानं ऐकून घेतलं नाही. गेली अठरा वर्षं मी पलूसमध्ये कॉम्प्युटरचा क्लास चालवते. एवढ्या वर्षांत लोकांनी मला रेशनकार्डापासून पासपोर्टापर्यंत सगळं विचारलं आणि मी आधी चिडून, मग सांगून, सगळ्यांना वाटेला लावलं.

एकदा मात्र मी नुसतीच चिडले. एक द्राक्षबागायतदार दारात उभे राहून म्हणाले, "मॅडम, ते बिटकॉईन म्हणजे नक्की काय असतंय वो? आमच्या साडूनं एक ॲप दिलंय, महिन्यात दामदुप्पट म्हणतोय." मी म्हटलं, "मला काय ठाऊक? मी काय त्याची एजंट हाय व्हय?" ते हसून निघून गेले. दोन महिन्यांनी कळलं की ॲप बंद पडलं आणि साडू-साडू दोघंही बुडाले. मला उत्तर येत नव्हतं हा काही गुन्हा नव्हे, पण "थांबा, बघून सांगते" एवढं म्हणायला माझं काय जात होतं? त्या गोष्टीची मला अजून लाज वाटते.

मग मी शिकायला बसले. चार-पाच महिने रोज पहाटे वाचलं, वहीत लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. स्वतःचे थोडे पैसे टाकून घेणं, पाठवणं, विकणं सगळं करून पाहिलं, एकदा हातानं चूकही करून घेतली. त्यानंतर क्लासच्या दारावर पाटी लावली: "रविवारी सकाळी दहा वाजता. क्रिप्टोबद्दल काहीही विचारा. फी नाही. कशात पैसे घालावेत ते सांगितलं जाणार नाही." खाली एक नियमही लिहिला. 'दुप्पट' हा शब्द जो उच्चारेल, त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. पहिल्या महिन्यात मला घरून चहा आणावाच लागला नाही.

पहिला प्रश्न नेहमी तोच. हे नाणं असतं कुठं? एक जुने पैलवान समोरच्या बाकावर बसायचे, कान मोडलेले, गुडघे गेलेले. त्यांना काही केल्या पटेना. "हातात न्हाई, खिशात न्हाई, मग माझं कसं?" मी त्यांना विचारलं, "कुंडलच्या मैदानात कुस्ती चितपट झाली, आणि हरलेला गडी दुसऱ्या दिवशी म्हणाला की मीच जिंकलो, तर?"

"लोक जोड्यानं मारतील की."

"का?"

"सगळ्यांनी बघितलंय."

"बास. हे तसंच. कुणाकडून कुणाकडं किती गेलं हे हजारो कॉम्प्युटरांनी एकदमच बघितलेलं असतं. त्यातल्या एकाला फितवून निकाल फिरत नाही."

पैलवानांनी लगेच असा प्रश्न टाकला की मी खूश झाले. "आणि चुकून दुसऱ्यालाच गेलं, तर पंचाकडं जायचं?" मी म्हटलं, इथं पंच नाही. बँकेत चूक झाली तर मॅनेजरपुढं जाऊन भांडता तरी येतं, इथं भांडायला माणूसच नाही. गेलं ते गेलं.

बंदी आहे का, हेही सगळे विचारायचे, तेही आवाज खाली आणून. मी मोठ्यानं उत्तर द्यायची. जवळ बाळगणं गुन्हा नाही. नफ्यावर सरकार कर घेतं, तो दाखवावाच लागतो. पण दुकानात चालणारं चलन म्हणून त्याला मान्यता नाही, आणि भाव पडला किंवा कुणी लुबाडलं तर भरपाई कुणी देणार नाही. ज्याच्याशिवाय घर चालेल तेवढंच घाला. हे ऐकून काहीजण परत आलेच नाहीत, त्याचं मला समाधानच वाटलं.

माझे धाकटे दीर फौजेतून नुकतेच पेन्शनवर आले होते. कुंडलला राहतात, सगळी नोकरी सिग्नलमध्ये, वायरलेसवर गेली. चार रविवार ते शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसले. पाचव्या रविवारी सगळे गेल्यावर पुढं आले आणि म्हणाले, "वैनी, माझ्याकडं हाय ते." बंगळुरूला पोस्टिंग असताना बरोबरीच्या एका जवानाचं बघून त्यांनी दरमहा थोडं थोडं घेतलं होतं आणि विसरून गेले होते. आता त्याचे चांगलेच पैसे झाले होते. घरात सांगितलं होतं फक्त लेकीला, कारण ते तिच्यासाठीच ठेवलं होतं.

माझी ही पुतणी फिजिओथेरपी शिकली आहे. सांगली-मिरजेच्या मोठ्या दवाखान्यांत तिला नोकरी मिळत होती, पण तिच्या डोक्यात एकच: कुंडलात स्वतःचं केंद्र काढायचं. "आपल्याकडं इतकं पैलवान, इतकं फौजी, आणि गुडघा दाखवायला सांगली गाठायची?" असं ती तावातावानं म्हणायची. रस्त्यालगत दोन खोल्या बांधून तयार होत्या. आत फक्त भिंती होत्या. यंत्रं त्या नाण्यांतून यायची होती, दुसरं कुठून काही येणार नव्हतं.

भावजींचं सगळं एका खरेदी-विक्रीच्या ॲपमध्ये पडून होतं. मी वर्गात सांगायची की किल्ली दुसऱ्याच्या हातात असेल तर घर आपलं म्हणू नये. त्यांना ते पटलं. सगळं तिथून हलवायला माझ्याच टेबलावर बसून आम्ही त्यांचं स्वतःचं वॉलेट, म्हणजे किल्ली फक्त त्यांच्याकडं राहील असं ॲप, उघडलं. पडद्यावर इंग्रजी बारा शब्द आले. मी पाठ फिरवली आणि भिंतीकडं बघत त्यांना सांगितलं, "नाणी फोनमध्ये नसतात भावजी. फोन विहिरीत पडला तरी हे बारा शब्द असले की सगळं परत मिळतं. आणि हे शब्द ज्याला कळले, त्याचंही होतं सगळं. फोटो काढायचा नाही, मोबाईलात लिहायचं नाही, कुणाला सांगायचं नाही."

"मग ठेवू कुठं?"

"कागदावर लिहून कुलपात. कागद जळतो, भिजतो, म्हणून काही लोक लोखंडाच्या पट्टीवर कोरून ठेवतात."

"लोखंडावर," ते म्हणाले आणि समाधानानं मान डोलावली. ती मान मी पाहिली होती. तेव्हाच विचारायला हवं होतं, लोखंड कुठलं म्हणून.

प्रजासत्ताक दिनाला कुंडलच्या शाळेनं गावातल्या जवानांचे छोटे व्हिडिओ केले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेत मी ते बघत होते. भावजींची पाळी आली. इस्त्रीचा शर्ट, छातीवर मेडलं, शेजारी त्यांची काळी फौजी ट्रंक. आमच्या भागात अशी ट्रंक घराघरात आहे. वर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव, गाव आणि पोस्ट, सगळं ब्रशनं लिहिलेलं. फौजी माणसाला ट्रंक दिसली की तिच्यावर काहीतरी लिहावंसं वाटतंच. भावजींचं अक्षर तर असं, की युनिटमधल्या सगळ्या पाट्या त्यांनीच रंगवलेल्या. गुरुजी कॅमेऱ्यामागून म्हणाले, "ट्रंक उघडून टोपी दाखवा." त्यांनी झाकण उघडून भिंतीला टेकवलं.

झाकणाच्या आतल्या बाजूला, दोन रांगांत, एक ते बारा आकडे घालून, सुबक पांढऱ्या अक्षरांत ते शब्द होते.

मी व्हिडिओ थांबवला. दुसऱ्यांदा बघितला. सगळे बारा शब्द स्वच्छ वाचता येत होते. गावाच्या ग्रुपवर तो रात्रीच आला होता, तिथून फौजींच्या ग्रुपवर गेला होता, आणि गुरुजींनी हौसेनं तो सगळ्या जगाला बघता येईल असाही चढवून ठेवला होता. आधी मला भावजींचा राग आला आणि लगेच स्वतःचा. कुलपात ठेवा म्हणाले ते मी, लोखंडावर लिहा म्हणाले तेही मीच. त्यांनी दोन्ही शब्दशः पाळलं होतं.

भावजी फोन उचलेनात. दिवसाची लाईट होती, म्हणजे उसाला पाणी पाजत असणार. पुतणीला फोन लावला. "ट्रंकेवरचे बारा शब्द व्हिडिओत दिसत्यात. गुरुजींना तो काढायला सांग आणि पप्पांना शेतातून बोलव. मी येईपर्यंत कशालाही हात लावू नको." क्लासमधला एक कोरा फोन पर्समध्ये टाकला आणि स्कूटर काढली. एरवी पंधरा मिनिटांची वाट. पण कारखाने चालू होते, आणि उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अख्खा रस्ता अडवून हत्तीसारखे डुलत चालले होते. एका ड्रायव्हरला मी जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानं मुकाट्यानं बाजू दिली.

पोचले तेव्हा जाऊबाई परातीत शाळू निवडत होत्या आणि भावजी चिखलाच्या पायांनी अंगणात उभे होते. हातात टर्पेंटाईनची बाटली. "पुसतो की वैनी. आन् गुरुजींनी व्हिडिओ उडवलाय. मिटलं."

"मिटलं न्हाई भावजी. कितीजणांच्या फोनात उतरलाय कुणास ठाऊक. बघितलेलं कसं पुसणार?"

"मग शब्द बदलूया."

"ते बदलता येत न्हाईत. पासवर्ड न्हवं तो. या घराला हीच किल्ली. नवं घर काढायचं आन् सगळं तिकडं हलवायचं, दुसरं कोण हलवायच्या आत."

त्यांनी फोन उघडला. रक्कम अजून जागच्या जागी होती. मी पहिल्यांदा श्वास घेतला.

"मोठी आई, मी मदत मागवलीय," पुतणी म्हणाली. तिला राहवलं नव्हतं. एका ऑनलाईन ग्रुपवर तिनं लिहिलं होतं की आमचे शब्द बाहेर गेलेत, काय करू. दोन मिनिटांत एका 'सुरक्षा अधिकाऱ्या'चा निरोप आला होता. फोटोत टाय, बोलणं साखरेचं. आम्ही एका सुरक्षित वॉलेटचा पत्ता देतो, सगळं त्यावर पाठवा, धोका टळला की परत करू. पत्ता तिनं चिकटवून तयार ठेवला होता. पप्पा पाच मिनिटं आधी शेतातून आले असते, तर पाठवून मोकळे झाले असते.

माझा आवाज बहुतेक कारखान्यापर्यंत गेला असेल. "अगं, खरा माणूस आपणहून निरोप धाडत न्हाई! घर जळताना जो पळत येऊन म्हणतोय की दागिनं माझ्याकडं द्या, तो विझवायला आलेला नसतोय!" ती रडवेली झाली. मग मीच तिचे हात धरले. त्या माणसाला तिनं माझ्यासमोर ब्लॉक केलं.

कोऱ्या फोनवर ॲप घेतलं. कुणाच्या लिंकवरून नाही, बनवणाऱ्याचं नाव नीट वाचून. नवं वॉलेट उघडलं, नवे बारा शब्द आले. आम्ही तिघींनी तोंडं फिरवली. भावजींनी ते कागदावर लिहिले, परत ॲपमध्ये भरून तपासले, कागद खिशात घातला. आता पाठवायचं. वर्गात माझा नियम होता: आधी अगदी थोडं पाठवून बघा, पोचलं की मग बाकीचं. पण थोडं पोचेपर्यंत उरलेलं कुणी उचललं तर? आणि एकदम सगळं पाठवलं आणि पत्त्यात चूक असली, तर पंच नाही. ते कळण्याइतकं शिकले होते म्हणूनच मला घाम फुटला.

शेवटी सगळं एकदमच पाठवायचं ठरवलं आणि नव्या पत्त्याचा क्यूआर चौकोन स्कॅन केला. तरी मी म्हटलं, "अक्षर न् अक्षर ताडून बघायचं. बेचाळीस हायत." भावजी ताठ उभे राहिले. नवा फोन त्यांनी हातात घेतला, जुना लेकीच्या हातात दिला, आणि सिग्नलवाल्यांच्या खणखणीत आवाजात सुरू झाले: "ब्राव्हो. चार्ली. वन. क्यूबेक."

"बरोबर," पुतणी म्हणाली.

"सेव्हन. टँगो. एको. नाईन."

"बरोबर."

'बी'ला ब्राव्हो, 'सी'ला चार्ली म्हणायचं, वायरलेसवर त्यांनी आयुष्यभर हेच केलं होतं. एक अक्षर चुकलं तर माणसं मरतात अशा जागी केलं होतं. अंगणात चिखलाच्या पायांनी उभा राहून तो माणूस बेचाळीस अक्षरं बोलला आणि एकदाही अडखळला नाही. शेजारच्या बायका भिंतीवरून बघत होत्या, त्यांना वाटलं असेल युद्ध लागलं. लवकर जावं म्हणून आम्ही पाठवण्याची फी जास्तीची ठेवली आणि भावजींनी अंगठा दाबला.

मग वाट बघणं. ते पक्कं व्हायला दहा मिनिटं लागतात, कधी जास्त. जाऊबाईंनी चहा आणला, कुणी प्यायलं नाही. दहा झाली, पंधरा झाली. "बर्फातल्या पोस्टवर बी इतकं गार वाटलं न्हवतं," भावजी हळूच म्हणाले. जाऊबाईंना तोवर सगळं उलगडलं होतं. त्या म्हणाल्या, "मेडलं दावायची लय हौस!" आणि पदरानं डोळे पुसले. बाविसाव्या मिनिटाला नव्या फोनवर आकडा पक्का झाला. जुन्यावर शून्य.

"चितपट!" मी अशी ओरडले की परातीवरच्या चिमण्या उडाल्या. भावजींनी मला सॅल्यूट ठोकला. जाऊबाईंनी सगळ्यांच्या तोंडात साखर कोंबली, भिंतीपलीकडच्यांच्या सुद्धा, आणि पुतणी हसत-रडत अंगणात मटकन खाली बसली. मी आयुष्यात परीक्षा बऱ्याच पास झाले, पण असा आनंद मला क्लासच्या पहिल्या कमाईलाही झाला नव्हता.

भावजींना तरी एक शंका राहिली. खरंच कुणी बघत होतं का, की आपण उगाच पळापळ केली? त्यांनी जुन्या वॉलेटात चारा म्हणून दोन-पाचशे रुपयांचं टाकून ठेवलं आणि रोज सकाळी बघायचे. पाचव्या दिवशी चारा गायब. त्यांनी मला फोन केला. "उचललं वैनी. बसलं हुतं कोणतरी टपून."

पुढच्या रविवारी ते वर्गात पुढं आले. फौजी माणसानं, तेही आमच्या गावात, चारचौघांत आपली चूक सांगणं सोपं नसतं. त्यांनी सगळी सांगितली, ट्रंकेसकट, लेकीला आलेल्या निरोपासकट. लोक पोट धरून हसले, तेही हसले. मग पैलवान म्हणाले, "हसताय काय? माझं शब्द मी देव्हाऱ्यातल्या फोटोमागं चिकटवल्यात, आन् फोटो चौकटवाल्याकडं गेलाय!" ते तसेच उठून निघाले. चौकटवाल्यानं फोटो अजून उघडला नव्हता. आणखी दोघंजण तोंड न उघडता लगबगीनं घरी गेले, आणि त्या दिवशी माझी शिकवणी अकरालाच संपली.

गुढीपाडव्याला पुतणीचं केंद्र उघडलं. नाण्यांतला काही भाग विकून, कराचं बाजूला काढून, यंत्रं आली होती. नवा टेबल, नवी चादर, भिंतीवर सांगाड्याचं चित्र. पहिला मान पैलवानांच्या गुडघ्याचा. ते टेबलावर आडवे, पुतणी गुडघा वाकवत होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी आराम दिसत होता. "आगं, हलतोय की!" ते ओरडले, आणि दारातली गर्दी टाळ्या वाजवायला लागली. जाऊबाई सगळ्यांना पेढे वाटत होत्या आणि प्रत्येकाला सांगत होत्या की हे माझ्या लेकीचं आहे.

तेवढ्यात पैलवानांनी आडव्यानंच विचारलं, "का हो फौजी, आता कुठं लिहिल्यासा शब्द?" सगळे हसत भावजींकडं बघायला लागले. भावजींच्या तोंडात पेढा होता. त्यांनी तो सावकाश गिळला.

"ते सांगायचं न्हाई."

मला राहवलं नाही. परीक्षा घ्यावी म्हणून मी पुढं झाले आणि हळू आवाजात म्हटलं, "मला तरी सांगा भावजी. मीच शिकवलंय तुमाला."

ते माझ्याकडं वळले. आदरानं मान लववली, आणि सगळ्या गावासमोर मला म्हणाले, "वैनी, तुमाला बी न्हाई."

आयुष्यात मला कुणी तोंडावर नाही म्हटलं की माझं डोकं फिरतं. त्या दिवशी मी भरल्या डोळ्यांनी त्यांच्या हातातला दुसरा पेढा घेतला.